टाचेखालची तीन बोटं

सुलतानपुरात आशाबाईच्या हातून न्हालं नाही असं लेकरू शोधावं लागेल. बाळंतीण घरी आली की दुसऱ्याच दिवशी तिला बोलावणं यायचं. पाटावर बसून, पाय लांब करून ती लेकरू पालथं घ्यायची, कोमट तेल जिरवायची, हातपाय आडवेतिडवे ओढायची, नाक चिमटीत धरून सरळ करायची. लेकरू रडून रडून जे झोपायचं ते पार दुपारपर्यंत. ‘आशाबाईच्या हातचं लेकरू वाकडं निघत नाई,’ असं बाया म्हणायच्या. आशाबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण कान तिकडंच असायचे.

आणि तिच्याच घरी आरोही जन्मली. सातव्याच महिन्यात आली, सव्वा महिना काचेच्या पेटीत राहिली. वर्षाची झाली तरी बसेना, दोनाची झाली तरी उभी राहीना. उभी धरली की दोन्ही पाय एकमेकांवर चढायचे आणि टाचा वर. आता चार वर्षांची होती. तोंडानं अशी पटपटी की अंगणवाडीच्या बाईलाही उत्तर द्यायची, पण चालायचं म्हटलं की बाज धरून, चवड्यांवर, चार पावलं. मेंदूतून पायाला हुकूम जातो त्या वाटेवर इजा झालीय, कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावाला दोष नाही हे कसं पटावं? दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच, असं गाव आशाबाईच्या पाठीमागे बोलायचं. तिला ते पाठीमागूनही ऐकू यायचं.

श्रावणात सून पुष्पांजली पोरीला मेहकरच्या थेरपीच्या केंद्रात घेऊन गेली, तेव्हा आशाबाईही बरोबर गेली. तिथली करिष्मा मॅडम म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कानाएवढे केस कापलेली मुलगी. सतरंजीवर पाच-सहा बाया आपापली लेकरं घेऊन बसलेल्या. मॅडम म्हणाली, “आजी, घरी मालिश कशी करता ते दाखवा बरं.”

आशाबाईनं पदर खोचला. एवढ्या बाया बघताहेत म्हटल्यावर तिनं हातचं काही राखलं नाही. आरोहीचा पाय धरून असा काही हिसडा दिला की पोरीचं अंग धनुकलीसारखं ताठ झालं.

“थांबा थांबा!” मॅडमनं तिच्या मनगटावर हात ठेवला. “हिसका दिला की हिचे पाय आणखी आखडतात. हळू. टाच मुठीत धरायची, पंजा आपल्या हातावर टेकवायचा, गुडघा सरळ, आणि तीस मोजेपर्यंत नुसतं धरून ठेवायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही.”

“नुसतं धरून बसायचं? हे तं मांजरालेबी जमंन,” आशाबाई म्हणाली.

बाया हसल्या, पण कुणाला हसल्या ते आशाबाईला कळायचं ते कळलं. चाळीस वर्षांचे हात, आणि कालची पोरगी मनगट धरते! येताना बसमध्ये ती सुनेशी एक शब्द बोलली नाही.

पोळ्याच्या आठवड्यात पायाचे साचे आले. पांढऱ्या प्लास्टिकचे, पोटरीपासून तळव्यापर्यंत, वर दोन पट्टे आणि त्यावरून घालायचे निळे बूट. मॅडमनं कोनमापकासारखी एक पट्टी पोरीच्या घोट्याला लावून माप घेतलं, वहीत लिहिलं आणि तिघांना समोर बसवून सांगितलं. तिसरा म्हणजे गणेश, पोरीचा बाप. त्या दिवशी तोही मोटारसायकल घेऊन आला होता.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर येणार आहेत. तोवर टाच खाली आली तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. नाही आली तर मागची शीर कापून लांब करावी लागेल. म्हणून हे बूट दिवसभर पायात पाहिजेत. जेवताना, खेळताना, घरातसुद्धा.”

“घरात?” आशाबाई म्हणाली. “चुलीपाशी? देवापाशी?”

“आजी, बाहेर घालायचेच नाहीत. घरातलेच बूट समजा. हे पायाचं औषध आहे. पायातून काढले की औषध बंद.”

गणेश म्हणाला, “माय, ऐक त्यायचं.” आशाबाईनं ऐकलं. मनात नव्हतं, पण ऐकलं.

आणि एकदा घेतलं म्हटल्यावर मग तिनं त्यात कुचराई केली नाही, हेही सांगायला पाहिजे. गणेश आणि पुष्पांजली वावरात गेले की घरात ती आणि आरोही. सकाळी मोजे, साचे, बूट. अंगणवाडीत कडेवर न्यायची, कडेवर आणायची. पाय दोन बाजूंना फाकतात म्हणून कडेवर घेणं चांगलं, हे मॅडमच म्हणाली होती, तेवढ्यावर आशाबाई तिच्यावर थोडी खूश होती. दुपारी टाच मुठीत धरायची आणि तीस मोजायचे, असं दहा वेळा. वीसच्या पुढं ती अडखळायची. आरोही पुढचे दहा मोजून द्यायची.

“आजी, एकोनतीसच झाले!”

“राहू दे वं. एकानं काय व्हते?”

“मॅडम म्हनते तीस.”

“मॅडमचीच नात हायेस तू, माही नाई!”

मॅडमची पट्टी काही आशाबाईकडं नव्हती. तिनं आपलं माप काढलं. पोरीला बाजेला धरून उभी करायची, गुडघे सरळ, आणि टाचेखाली बोटं घालून बघायची. पोळ्याला तीन बोटं जात होती, आडवी. गौरी-गणपतीला दोन. पितृपंधरवड्यात एक, तेही कसंबसं. आशाबाईनं ते गणेशला दाखवलं, पुष्पांजलीला दाखवलं, शेजारच्या सिंधूताईला बोलावून दाखवलं. मेहकरला मॅडमनं माप घेतलं आणि आशाबाईच्या हाताकडं बघून म्हणाली, “आजी, हे तुमच्या हातांचं काम आहे.” आशाबाईनं कपाळाला आठी घातली, पण घरी येऊन ते वाक्य तिनं चार घरी सांगितलं.

नवरात्र आणि सोंगणी एकदमच आली. सोयाबीनच्या शेंगा वाळून खुळखुळ वाजत होत्या आणि आभाळ रोज दुपारून भरून येत होतं. कापायला मजूर मिळेना, मिळाला तो दुसऱ्याच्या वावरात पळवला जाई. गणेश आणि पुष्पांजली उजाडायच्या आत विळे घेऊन निघायचे ते दिवे लागायला परत. पुष्पांजलीच्या हाताला चिरा पडल्या होत्या, त्यात ती हळद भरायची. चार एकर दोघांनी सोंगायचं म्हणजे खेळ नाही. मंगळवार-शुक्रवारची मेहकरची फेरी बंद झाली. मॅडमचा फोन आला तेव्हा गणेश म्हणाला, “मॅडम, सोंगणी चालू हाय. पन बूट घालतो, यायामबी करतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतोच.”

घट बसले. आशाबाईनं देवीपुढं हात जोडले आणि नऊ दिवस पायात चप्पल न घालण्याचा नवस केला: माही नात चालू दे. दुसऱ्या दिवशी वावरात भाकरी घेऊन गेली ती अनवाणी. सोंगलेल्या सोयाबीनचं धसकट म्हणजे खिळाच. एक तळव्यात घुसलं. बांधावर बसून तिनं ते उपटलं, रक्त मातीनं दाबलं आणि तशीच पुढं गेली. तिला बरंच वाटलं. फुकट कोण काय देतं? देवीलाही दिसलं पाहिजे.

संध्याकाळी सिंधूताई माळ घालायला आली. घटापुढं आरोही बसलेली, पाय लांब, पायात निळे बूट. सिंधूताईनं हात जोडले, मग बुटांकडं पाहिलं, मग आशाबाईच्या चिंधी बांधलेल्या पायाकडं.

“काय वं आशा, तू अनवानी चालून राह्यली, न् पोरगी बूट घालून देवीपुढं? नवस कोनाच्या पायासाठी हाय?”

“ते घरातले बूट हायेत. औषध हाय ते.”

“बाप्पा! देवीले काय समजते औषध न् फौषध! मी आपलं बोलली. तुह्यं तू पाहा.”

सिंधूताई बोलून घरी गेली. आशाबाईच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं. पाय मागायचे देवीजवळ, आणि तेच पाय झाकून ठेवायचे? असं कुठं असतं? नवरात्रापुरता तर प्रश्न. व्यायाम दुप्पट करू. दहाच्या जागी वीस वेळा टाच धरू. एक बोट राहिलंय, ते काय एवढ्यात पळून जातंय?

सकाळी गणेश-पुष्पांजली गेल्यावर तिनं बूट काढले, मोजे काढले, साचे काढले आणि धान्याच्या कोठीमागं ठेवले.

आरोही बघत होती. “आजी, मॅडमनं काढू नको म्हनलं.”

“नवरात्राची सुट्टी हाय. शाळेले नसते का सुट्टी?”

“मॅडमले सांगू?”

“नको.”

“मायले?”

“मायलेबी नको. देवीचं हाय ते. सांगतलं की देवी रुसते.”

पोरगी खूश झाली. पायातलं ओझं गेलं म्हणून दिवसभर बाज धरून, भिंत धरून चवड्यांवर फिरत राहिली. एवढी फिरताना आशाबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. गुण येतोय, असं तिला वाटलं, आणि घटापुढं तिचे डोळे भरून आले. दिवे लागायच्या आधी तिनं बूट चढवले. पुष्पांजली आली, पोरीचे बूट सोडले, जेवू घातलं आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली.

असे पाच दिवस गेले. आशाबाई व्यायाम खरंच दुप्पट करत होती. त्यात खोट नव्हती. पण पोरीची टाच मुठीत पूर्वीसारखी बसत नव्हती. हाताला कळत होतं. हातानं सांगितलेलं तिनं मनाला कळू दिलं नाही. तिचा पायही सुजला होता, चालताना ती लंगडायची, आणि दुखतंय म्हणजे लागू पडतंय असा तिचा हिशेब होता.

अष्टमीला दुपारी तिनं पोरीला बाजेला धरून उभी केली. टाचेखाली एक बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरं थोडं अडलं, मग तेही गेलं.

आशाबाई जमिनीवर बसली. तिनं बोटं काढली, पुसली, परत घातली. तीन.

“आजी, किती?” आरोहीनं विचारलं.

“गप राय.”

ती कोठीपाशी गेली, बूट हातात घेतले. मग घटाकडं पाहिलं. धान्य वीतभर वर आलं होतं, पिवळंधमक, आणि दिवा जळत होता. एवढे दिवस पाळलं आणि एका दिवसासाठी मोडायचं? मोडलं आणि त्यामुळंच काही झालं तर? नाही मोडलं आणि त्यामुळंच झालं तर? तिला दोन्हीकडून भीती वाटत होती. बूट तिनं परत कोठीमागं ठेवले.

दसऱ्याला सकाळी घट हलले आणि आशाबाईनं सगळ्यांच्या आधी आरोहीला बूट चढवायला घेतले. टाच साच्यात बसेना. तिनं पट्टा ओढला. पोरगी किंचाळली.

“काय झालं?” आतून पुष्पांजलीनं विचारलं.

“काही नाई. मुंगी चावली.”

पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढून तिनं बूट दिवसभर ठेवला. रात्री काढला तेव्हा टाचेच्या वर रुपयाएवढा लाल फोड होता. आशाबाईनं त्यावर खोबरेल लावलं. गावात सगळे सोनं वाटत फिरत होते, ती कुणाकडं गेली नाही.

दुसऱ्या दिवशी गणेश मळणी मशीनच्या मागं होता. मशीन आज मिळालं तर मिळालं, नाहीतर गंजी पावसात. सासू-सून पोरीला घेऊन बसनं मेहकरला आल्या. केंद्रात आज गर्दी होती. मोठे डॉक्टर टेबलाशी बसलेले, बाजूला करिष्मा मॅडम वह्या घेऊन उभी.

“या आजी! तुमचीच वाट बघत होते,” मॅडम म्हणाली. डॉक्टरांना म्हणाली, “सर, ही केस बघा. घरी फार छान करतात.”

तिनं आरोहीला झोपवलं, गुडघा सरळ केला, पट्टी लावली. परत लावली. तिचा चेहरा उतरला. मग तिला तो फोड दिसला.

“हे काय? हे केव्हा झालं?” ती पुष्पांजलीकडं वळली. “बूट घालत होता ना तुम्ही?”

पुष्पांजली खाली मान घालून उभी होती. तिच्या हाताच्या चिरांत अजून हळद होती.

“ताई, मी तुम्हाला विचारतेय. महिनाभर एवढी मेहनत केली, आणि पंधरा दिवसांत पोळ्याच्या वेळच्या मापावर आलं. असं आपोआप होत नाही. सोंगणी मलाही कळते, माझ्याही घरी वावर आहे. पण पोरगी तुमची आहे ना?”

सतरंजीवरच्या बाया बघत होत्या. पुष्पांजली काहीच बोलली नाही. नाहीही नाही आणि होही नाही. बोलावं, आत्ता बोलावं, असं आशाबाईला वाटत होतं, पण ती नुसती बुटाचा पट्टा चाळवत राहिली. गरीब गाय आहे माझी सून, ऐकून घेतेय, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

मॅडम आरोहीजवळ वाकली. “आरोही, तू सांग. बूट घालत होतीस ना रोज?”

आरोहीनं आजीकडं पाहिलं. लहान तोंड, पण त्यावर मोठ्या माणसासारखं काहीतरी आलं.

“हाव,” ती म्हणाली. “रोज घालत व्हती.”

चार वर्षांच्या लेकराला आपण हे शिकवलं! आशाबाईला ते सहन झालं नाही.

“खोटं बोलून राह्यली ते,” ती म्हणाली. “म्याच शिकवलं. बूट मी काढले. सात दिवस. नवस व्हता माहा. सुनेले काही बोलू नका, ते वावरात व्हती. तिले काहीच मालूम नाई.”

कोपऱ्यातलं एक लेकरू रडत होतं. मॅडमनं आशाबाईच्या पायाकडं पाहिलं. सुजेमुळं अंगठा चपलेत नीट शिरत नव्हता.

“आजी,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं. मग पुष्पांजलीला म्हणाली, “ताई, चुकलं माझं.”

डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले. फोड वरवरचा होता, त्यावर मऊ पट्टी बांधून चालण्यासारखं होतं. दोन्ही पायांना प्लास्टर, दर आठवड्याला बदलायचं, तीन वेळा. मग माप. तेव्हाही टाच आली नाही तर ऑपरेशनच्या यादीत नाव. प्लास्टर भिजवायचं नाही, कुणी सांगितलं म्हणून काढायचं नाही, बोटं निळी पडली तर फोन करायचा. सांगताना मॅडम एकदाही आशाबाईकडं बघत नव्हती. एका आठवड्याचं पहिलं प्लास्टर लागेपर्यंत दुपार झाली.

मेहकरच्या स्टँडवर सुलतानपुरावरून जाणारी लोणारची बस लागायची होती. दोघी बाकावर बसल्या, मध्ये आरोही, पांढरे पाय पुढं केलेले. ती बिस्किट खात होती. पुष्पांजली समोर बघत होती. अर्ध्या तासानं आशाबाईच म्हणाली, “पुष्पा, बोल ना वं काही तं. शिव्या दे. चार लोकांत तुह्यं तोंड काळं केलं म्या.”

“आत्याबाई, मले मालूम व्हतं.”

“काय मालूम व्हतं?”

“बूट काढता ते. तिसऱ्याच दिवशी समजलं. मोजे धुवायले घेतले तं कोरडे. दिवसभर बूट असले की पोरीचे मोजे आंबूस येतात. त्यायले वासच नोता.”

आशाबाई तिच्याकडं वळली. “मंग बोलली काऊन नाई? माय हायेस तू तिची! बोलली काऊन नाई वं?”

पुष्पांजलीनं आरोहीच्या ओठाला लागलेला बिस्किटाचा चुरा पुसला. “म्हनलं, लागू पडलं तं? चार वर्स झाले वाट पाहून. तुमचे पाय फुटून राह्यले व्हते धसकटानं. म्हनलं, देवीले काही तं दिसंन. मी बोलली असती, नवस मोडला असता, न् पोरगी मंग चाललीच नसती, तं मले जनमभर तेच वाटलं असतं. म्हनून मोजे वाळत टाकले न् गप बसली.”

आशाबाईला राग आला, खरा राग, आणि करायला जागा नव्हती. ती सुजलेला पाय दाबत बसली. मग म्हणाली, “उद्यापासून मी वावरात जाते. मळनीचं मी पाह्यते. तू राय पोरीजवळ. माह्यावर भरोसा नको ठिऊ.”

“नाई,” पुष्पांजली म्हणाली. “तुमीच राहा.”

“पुन्हा तेच करीन म्हनून भेव नाई वाटत?”

“तुमचं चुकायचं ते चुकून झालं. माहं अजून राह्यलं हाय. उद्या कोनी अंगारा घिऊन आलं न् म्हनलं प्लास्टर फोड, तं मी फोडीन आत्याबाई. माहा मले भरोसा नाई. तुमी नाई फोडनार.”

बस लागली. लोक दाराकडं पळाले. आशाबाई उठली, पोरीला उचलून कडेवर घेतलं. प्लास्टरचे पाय दोन बाजूंना जड लोंबत होते आणि तिच्या स्वतःच्या पायातून कळ येत होती. “द्या माह्याजवळ,” पुष्पांजली म्हणाली. आशाबाईनं दिली नाही.